मुदतीचा पाहुणा

संक्रांत होऊन गेली होती. त्या रविवारी माई आजारपणानंतर पहिल्यांदाच खुर्चीत बसून सगळ्यांबरोबर जेवणार होत्या, म्हणून नृसिंहरावांनी राजारामपुरीतल्या घरी जवळची माणसं जेवायला बोलावली होती. नोव्हेंबर संपता संपता डॉक्टर वसंतरावांनी त्यांना बाजूला घेऊन, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या, असं सांगितलं होतं. नृसिंहरावांनी पहिली तार इंग्लंडला, धाकट्या भावाला केली. जोतीराम कॉव्हेंट्रीहून आठवड्याच्या आत दारात येऊन उभा राहिला. तो आला त्या रात्रीपासून माईंचा ताप उतरायला लागला. औषध लागू पडलं की पोराचं तोंड बघून जीव मागं फिरला, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. पण आता माई पेज सोडून भाकरी मागत होत्या आणि ती कडक भाजली नाही म्हणून सुनेवर चिडतही होत्या.

नृसिंहरावांच्या मनात मात्र त्या दिवशी आणखी एक बेत होता. साठी जवळ आली होती. दोन्ही लेकी सासरी नांदत होत्या. शाहूपुरीत ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचा जो कारखाना त्यांनी एका लेथवर सुरू केला होता, तो पुढं कुणाच्या हातात द्यायचा या विचारानं त्यांची झोप उडाली होती. डिसेंबरात एकदा जोतीरामला कारखाना दाखवताना ते म्हणाले होते, आता हितंच राहा की. जोतीराम म्हणाला होता, "बघू, दादा." त्या एका 'बघू'वर त्यांनी पुढचं सगळं रचलं. पाडव्यापासून कारखाना दोघांचा. पेंटरकडून 'सरनोबत बंधू' अशी पाटीसुद्धा रंगवून घेतली. जोतीरामची बायको एलिन आणि दोन मुली तिकडं आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याही यथावकाश येतीलच असं त्यांनी गृहीत धरलं होतं. जेवणं झाली की विडा देतानाच सगळ्यांना सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पंगत अर्ध्यावर आली असेल. नेसरीहून आलेला चुलतभाऊ पिराजी गुऱ्हाळावरची गरम काकवी घेऊन आला होता आणि ती माईंच्या ताटात वाढायचा आग्रह करत होता. तेवढ्यात फाटकाशी सायकल लावून एक हवालदार पायरीपर्यंत आला. त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि विचारलं, सरनोबतांचं घर हेच का.

"हेच. काय काम काढलं?" नृसिंहराव म्हणाले.

"हितं कोन परदेशी नागरिक उतरल्यात, त्यांची चौकशी हाय."

पिराजी मोठ्यानं हसला. आमच्यात परदेशी म्हणजे बेळगावची सून तेवढी, असं त्यानं सांगितलं आणि पंगतीत हशा पिकला. हवालदारही थोडा हसला. मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढून नाव वाचलं. जोतीराम यशवंत सरनोबत, ब्रिटिश नागरिक.

नृसिंहरावांना वाटलं, कुठल्या तरी कारकुनाची चूक झाली. ते हात न धुताच उठले आणि हवालदाराला समजावून सांगू लागले. हा माझा सख्खा धाकटा भाऊ. नेसरीत जन्मला, इथल्या शाळेत शिकला, नोकरीसाठी विलायतेला गेला एवढंच. नोकरी तिकडं केली म्हणून कुणी साहेब होत नाही. हवालदार मान डोलावत होता, पण चिठ्ठी काही खिशात ठेवत नव्हता. तेवढ्यात मागून जोतीरामचा आवाज आला.

"दादा, त्यांचं बरोबर आहे."

नृसिंहराव वळले. जोतीराम ताटावरून उठून उभा होता. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नव्हता. सात वर्षांपूर्वी आपण तिकडचं नागरिकत्व घेतलं, असं त्यानं सांगितलं. एलिन तिकडची, मुली तिकडच्या, कारखान्यातली वरची जागा बाहेरच्या माणसाला मिळत नव्हती. एका देशाचं घेतलं की दुसऱ्याचं आपोआप जातं, दोन्ही ठेवता येत नाहीत. मधे एकदा इकडं आलो तेव्हा ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागत नसे, म्हणून कुणाला कळायचा प्रश्न आला नाही. आता नियम बदललाय.

वाढायला आलेली शालूबाई, नृसिंहरावांची बायको, पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. नृसिंहरावांची नजर सहज तिच्यावर गेली आणि त्यांना आणखी एक धक्का बसला. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तशी ती सैल झाली होती. धाकट्या जावयाला कारखान्यात घ्यावं असं ती वर्षभर सुचवत होती आणि ते दर वेळी कानाआड करत होते, हे त्यांना त्या क्षणी आठवलं.

"सात वर्सं," पिराजी म्हणाला. "आणि ह्या घरात कुणाला म्हाईत न्हाई?"

"मला माहीत होतं," श्यामला म्हणाली.

श्यामला त्यांची बहीण, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. जोतीरामची पत्रं तिच्याकडं जास्त येत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, सांगायचं त्याचं त्यानं, म्हणून मी गप्प राहिले. नृसिंहरावांना वाटलं, आपल्याच घरात आपण उशिरा आलेल्या माणसासारखे उभे आहोत.

हवालदाराला हे सगळं ऐकून अवघडल्यासारखं झालं होतं. त्यानं हळूच पासपोर्ट दाखवायला सांगितला. जोतीरामनं आतून आणून दिला. हवालदारानं पानं उलटली, एका शिक्क्यावर बोट ठेवलं आणि तो म्हणाला, "ह्याची मुदत तर ह्या गुरुवारी संपतीया की."

जोतीरामला ते पटेना. तीन महिन्यांचा व्हिसा आहे, मी डिसेंबरात उतरलो, म्हणजे मार्चपर्यंत आहे, असं तो म्हणाला. श्यामलानंही बोटांवर महिने मोजून तेच सांगितलं. हवालदार म्हणाला की त्याला कळतं तेवढं असं, की शिक्का मारला त्या दिवसापासून मोजायचं, उतरला त्या दिवसापासून नव्हे. जोतीराम थबकला. दिवाळीला यायचं म्हणून त्यानं ऑक्टोबरातच व्हिसा काढून ठेवला होता. रजा मिळाली नाही म्हणून येणं राहिलं आणि तार आली तेव्हा तोच पासपोर्ट उचलून तो निघाला होता. म्हणजे अर्धी मुदत विमानात बसायच्या आधीच, तिकडं कपाटात पडून संपली होती.

उद्या कचेरीत या, साहेब नीट सांगतील, असं म्हणून हवालदारानं टोपी घातली. तो पायरी उतरणार तोच इतका वेळ गप्प असलेल्या माई बोलल्या.

"पावणं, जेवून घ्या."

हवालदार वळून संकोचानं म्हणाला, "नको आज्जी, डुटीवर हाय."

"तुमास्नी न्हवं," माई म्हणाल्या. त्यांनी जोतीरामच्या पानाकडं हात केला. "ह्यास्नी म्हंते. ताट निवतंय त्यांचं."

जोतीराम बसला. त्यानं भात कालवला, पण घास काही तोंडापर्यंत गेला नाही. विडे तबकात तसेच राहिले. नृसिंहरावांनी जे सांगायचं ठरवलं होतं, ते सांगायची वेळ त्या दिवशी आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ते, जोतीराम आणि श्यामला पोलीस कचेरीत गेले. परदेशी लोकांचं काम बघणारा फौजदार वयानं लहान पण सभ्य होता. त्यानं चहा मागवला आणि हवालदार बोलला तेच कागदावर आकडे मांडून समजावलं. व्हिसाची मुदत तो दिल्याच्या तारखेपासून चालू होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी या नाहीतर दोन महिन्यांनी या, ती तुमच्यासाठी थांबत नाही. बरेच लोक उतरल्यापासून मोजतात आणि मग अडचणीत येतात. गुरुवारनंतर इथं राहणं बेकायदा होईल, विमानतळावर अडवतील आणि पुढच्या खेपेला व्हिसा मिळायला त्रास होईल.

नृसिंहरावांनी विचारलं, आई आजारी आहे, काही मार्ग नाही का.

मार्ग होता. आई अत्यवस्थ असल्याचा डॉक्टरांचा दाखला अर्जाला जोडायचा. अर्ज वर जाईल आणि त्याचा निकाल लागेपर्यंत फौजदार काही हाकलून देणार नव्हता. मात्र खात्री करायला सरकारी डॉक्टर घरी येऊन बघून जाईल. मग त्यानं घरमालक म्हणून नृसिंहरावांचा जबाब घ्यायला सुरुवात केली. तुमच्याकडे उतरलेल्या परदेशी इसमाशी तुमचं नातं काय, असं त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात काही वावगं नव्हतं, रोज दहा जणांना विचारतो तसंच त्यानं विचारलं होतं. नृसिंहरावांनी बाजूला बघितलं. शेजारी जोतीराम खाली मान घालून बसला होता. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन ते गावच्या नदीत उतरायचे.

"भाऊ," ते शेवटी म्हणाले. "सख्खा."

कचेरीतून ते एकटेच रिक्षा करून डॉक्टर वसंतरावांकडं गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाखला द्यायला साफ नकार दिला. माईंची छाती स्वच्छ आहे, नाडी चांगली आहे, परवाच त्यांनी माझ्यासमोर तिळगूळ खाल्ला, असं ते म्हणाले. नृसिंहरावांनी विनवलं. मग आवाज चढवला. दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच म्हणाला होता ना, तेच आज लिहा.

"तेव्हा तसं होतं. आता नाही."

"लिहा हो डॉक्टर. मरायला टेकलीय म्हणून लिहा. तुमचं काय जातंय?"

बाहेर बसलेले पेशंट आत बघायला लागले. आपण काय बोललो ते नृसिंहरावांना एका क्षणानं कळलं. आई बरी व्हावी म्हणून हाच माणूस डिसेंबरात अनवाणी अंबाबाईला गेला होता, आणि आज ती बरी झाली म्हणून भांडत होता. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, की वय आणि नुकतंच झालेलं आजारपण बघता प्रकृतीचा भरवसा देता येत नाही, एवढं मी खरं लिहू शकतो. सरकारी डॉक्टर येईल तेव्हा पुढचं तुम्ही बघा.

तो दाखला घेऊन ते घरी आले आणि रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना समोर बसवून त्यांनी बेत सांगितला. उद्यापासून माईंनी पलंगावरून उठायचं नाही. कुणी आलं तर डोळे मिटून पडायचं. सरकारी डॉक्टर येऊन गेला की काम झालं.

श्यामला भडकली. जित्या आईला आजारी पाडून भाऊ ठेवून घ्यायचा का, असं तिनं विचारलं. शालूबाई एरवी नणंदेच्या बाजूनं कधी बोलत नसे, पण आज ती तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, जाऊ द्या त्यांना, त्यांची लेकरं वाट बघत असतील. पिराजी अजून मुक्कामाला होता. रविवारी सगळ्यांत जास्त तोच चिडला होता, पण आता तो नृसिंहरावांकडून बोलायला लागला. चार दिवस अंथरुणात पडल्यानं काय बिघडतंय, पोरगं राहतंय ते बघा, असं त्याचं म्हणणं. जोतीराम मधे बसून फरशीकडं बघत होता. त्याला कुणी विचारलं नाही.

माई उठल्या. भिंतीला धरत धरत त्या पलंगापर्यंत गेल्या, आडव्या झाल्या आणि त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"अशी पडू का आनि कशी?" त्यांनी विचारलं.

रविवारपासून त्या जोतीरामशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्याच्यासाठी त्या असं काही करतील असं कुणाला वाटलं नव्हतं. नृसिंहरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे मिटून, हात छातीवर घेऊन पडलेल्या माई खरोखरच डिसेंबरातल्या माई दिसत होत्या.

जोतीरामनं ते बघितलं आणि तो ताडकन उठला.

"ऊठ, माई. हे करू नकोस." मग तो भावाकडं वळला. "दादा, मुदत वाढली तरी मी जाणार आहे. पुढच्या महिन्यात नाहीतर त्याच्या पुढच्या महिन्यात. मी राहायला आलो नव्हतो."

"तू बघू म्हणाला होतास."

"म्हणालो. तुझ्या तोंडावर नाही म्हणता आलं नाही. पण तू मला विचारलंस कधी? तू ठरवलंस, दादा. पाटी रंगवलीस, ती मला पेंटरनं दाखवली."

दोन दिवस नृसिंहराव सरकारवर चिडत होते, शिक्क्यावर, फौजदारावर, डॉक्टरवर. या सगळ्यांच्या मागं साधी गोष्ट अशी होती, की भावाला राहायचंच नव्हतं. कायद्यानं परवानगी दिली असती तरी तो गेलाच असता. हा धक्का आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता आणि त्यावर अर्ज करायची सोय कुठल्या कचेरीत नव्हती.

"मी उतरलो तेव्हा," जोतीराम म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला, "तू गेली असशील असं धरून आलो होतो, माई. तुला पोचवायचं आणि परत फिरायचं. तू बरी झालीस आणि मला काय करावं ते कळेना झालं."

सगळे गार पडले. असली गोष्ट आईच्या तोंडावर कुणी बोलतं का? श्यामलानं तोंडाला पदर लावला. पिराजी उठून अंगणात गेला.

माईंनी डोळे उघडले.

"राहनार न्हाईस," त्या म्हणाल्या.

"नाही, माई."

"मग मी कशापायी मरू?" त्यांनी चादर बाजूला सारली आणि त्या उठून बसल्या. "शालू, भाकरी टाक. भूक लागलीया मला."

त्या रात्री त्या व्यवस्थित जेवल्या. जोतीरामला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं आणि त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं पिठलं वाढलं. त्याला पाहुणा मात्र पुन्हा म्हणाल्या नाहीत. मुलींची नावं काय, त्या कुठली भाषा बोलतात, एलिनला भाकरी येते का, असं बरंच काही त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत हे आपणही विचारलं नव्हतं, असं नृसिंहरावांच्या मनात आलं. डॉक्टरांचा दाखला नृसिंहरावांनी सकाळी स्वतःच फाडून टाकला.

बुधवारी संध्याकाळी मुंबईची गाडी होती. दुपारपासून आवराआवर चालली होती. शालूबाईनं चटणीचे डबे बांधून दिले. ती आज खरोखर रडत होती आणि त्यात खोटं काही नव्हतं, हेही नृसिंहरावांना कळलं. रिक्षा दारात आली तेव्हा जोतीराम माईंच्या पाया पडायला वाकला. माई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी त्याला हात धरून थांबवलं आणि श्यामलाला देवघरातली गंगेची लोटी आणायला सांगितली. बरोबर तुळशीचं पान.

कशाला, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांना एकदम कळलं. शालूबाई पुढं होऊन म्हणाली, असलं भलतंसलतं करू नका, तिन्हीसांजेची वेळ आहे. माईंनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

"तवा तू हितं नसशील," त्या जोतीरामला म्हणाल्या. "कुनी शिक्का देतंय, कुनी देत न्हाई. तुझ्या हातात न्हाई ते आनि माझ्याबी न्हाई. आत्ताच पाज."

जोतीराम मान हलवत मागं सरकला. श्यामला लोटी घेऊन उभी होती, पण तिला झाकण काढवेना. शेवटी नृसिंहरावांनीच पुढं होऊन ते काढलं, तुळशीचं पान पाण्यात बुडवलं आणि भावाच्या हातात दिलं. का दिलं ते त्यांना सांगता आलं नसतं. इतक्या दिवसांत भावासाठी करता येण्यासारखं तेवढं एकच काम उरलं होतं.

जोतीराम गुडघ्यावर बसला. त्यानं पान माईंच्या ओठांशी नेलं. थेंब ओठांवर पडले, थोडे हनुवटीवरून ओघळले. माईंनी डोळे मिटून ते गिळले आणि मग पदरानं तोंड पुसलं, रोज पाणी पिऊन झाल्यावर पुसायच्या तसं.

"झालं. तुझं झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी हात लांब करून थोरल्याचं मनगट धरलं. "राहिलेलं हा करंल."

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. नृसिंहरावांनी एका हातानं भावाची बॅग उचलली. दुसरा हात माईंनी सोडलेला नव्हता.